सकाळचा हात

९ सप्टेंबर

ताई,

एकच प्रश्न आहे. मोठी कात्री चालवताना आईचा हात कधी अडतो, उघडताना की मिटताना? दोन ओळींत कळवलंस तरी चालेल.

आईला विचारून पाहिलं. ती म्हणाली, "कुठे अडतोय?"

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. मी फोनवर बोलायला लागले की आतल्या खोलीतलं शिलाईचं मशीन थांबतं. मशीन थांबलं म्हणजे ती ऐकते आहे, हे तुला सांगायला नको. लिहिण्याचा आवाज होत नाही.

प्रश्न शाळेसाठी आहे. शेवटच्या दोन वर्षांना मी उत्पादन रचना हा विषय घेतला. तू गेलीस तेव्हा माझं ठरलं नव्हतं, म्हणून तुला माहीत नसेल. शेवटच्या वर्षी एकच वस्तू करायची असते. ती खऱ्या माणसाच्या खऱ्या अडचणीवर हवी. वस्तू झाली की त्या माणसाने ती वापरायची आणि कशी आहे ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. त्या माणसाला वापरकर्ता म्हणतात. त्याच्या शब्दांशिवाय वस्तू कितीही गुळगुळीत झाली तरी अर्धीच धरतात.

विषयाच्या सरांना सगळे मिलीमीटर म्हणतात. कारण विचारू नकोस, अर्धा वर्ग त्यापायी रडून झाला आहे. मी आधी तळमजल्यावरच्या काकांसाठी बूट घालायचा लांब चमचा करणार होते. मिलीमीटर म्हणाले, "काकांनी मागितलाय?"

"नाही."

"मग म्हाताऱ्याला कशाला त्रास देतेस? तुझ्या घरात कोणाचं काही अडत नाही?"

"नाही, सर."

"असं घर मला एकदा दाखव."

म्हणून मग वापरकर्त्याच्या रकान्यात आई लिहिलं. व्यवसाय, शिवणकाम. अडचण, कात्री. त्यापुढे काय लिहायचं ते तुला विचारते आहे.

घरी सगळं ठीक. एका दवाखान्याच्या कोटांचं काम आलं आहे, जाड कापड, आई खूश आहे. कापायचं टेबल आता भिंतीला लावलं आहे. खोली मोठी वाटते.

धाकटी


३० सप्टेंबर

ताई,

पाकिटात एवढा मोठा कागद आणि त्यावर एक शब्द. "उघडताना." खाली नाव नाही, तारीख नाही. तू काम करतेस त्या डेपोच्या ऑफिसात कागद फुकट मिळतो वाटतं.

पण त्या शब्दाने माझं सगळं काम उलटं झालं. मी धरून चालले होते की मिटायला जोर पुरत नाही. म्हणून लांब दांड्यांची चित्रं काढून ठेवली होती, चांगली दहाबारा. ती सगळी बाद. बोटांनी उघडावं लागत असेल आणि तेच होत नसेल, तर उघडायचं काम स्प्रिंगने करावं. आईने फक्त दाबायचं. खालचं पातं एका लाकडी बुडावर बसवायचं, बूड टेबलावरून सरकत जाईल. वरच्या पात्याला मूठ. दाबलं की कापतं, सोडलं की आपोआप उघडतं.

चित्र पाहून मिलीमीटर म्हणाले, "उघडताना अडतं हे तुला कोणी सांगितलं?"

"वापरकर्त्याने."

ते माझ्याकडे नुसते बघत राहिले.

"वापरकर्त्याच्या जवळच्या माणसाने," मी म्हणाले.

"मग तसं लिही ना."

तर फोल्डरमध्ये आता असं आहे, "ही माहिती वापरकर्त्याच्या मोठ्या मुलीने पत्राने कळवली." तू फोल्डरमध्ये आलीस. तिथून तुला काढता येणार नाही, पानांना क्रमांक घातले आहेत.

वर्गात बहुतेक सगळे मोबाइलचं स्टँड करताहेत. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा, त्याला स्क्रू म्हणतात, त्याचं तिसरं स्टँड कालच कोसळलं. मिलीमीटर जाता जाता म्हणाले, "मोबाइलला पाय फुटले तर तुमच्या वर्गाचं काय होईल?" स्क्रू म्हणाला, "सर, मग मी बूट करीन." तोसुद्धा तसा हुशार आहे.

मुठीसाठी आईच्या हाताचा ठसा हवा होता. रविवारी जेवणं झाल्यावर मातीचा गोळा घेऊन तिच्यापुढे बसले. ओट्यावरचं आवरून ती जरा टेकली होती.

"हे काय?"

"हात दे. नेहमी कात्री धरतेस तसं धर."

"ठसे घेतेस? पोलिसात देणार की काय मला?"

"कोटांच्या खिशांचे पैसे जास्त लावतेस, म्हणून."

हसली. हात दिला. बोटं मातीत व्यवस्थित रुतली, चार खाचा, अंगठ्याचा एक खड्डा. मला इतका सुबक ठसा येईल असं वाटलं नव्हतं. तिचा हात गरम होता. मग तिने तो नळाखाली धुतला आणि म्हणाली, "थोरलीलाही असंच काहीतरी करत बसायला आवडायचं." इतकंच.

धाकटी


३ नोव्हेंबर

ताई,

पहिला नमुना झाला. जुन्या बाजारातून घेतलेली कात्री, खालची कडी कापून टाकली, बूड प्लायवुडचं, मूठ बीच नावाच्या कडक लाकडाची. मातीच्या ठशावरून ती कानशीने घासत आणली. कानस, मग जाडा सँडपेपर, मग बारीक, मग तेल. मूठ हातात धरली की आईचा हात धरल्यासारखं वाटतं. हे फोल्डरमध्ये लिहिलेलं नाही. मिलीमीटर खोडतील.

घरी नेला आणि सकाळी आईला दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला, चिंधीवर दोनदा चालवला आणि खाली ठेवला.

"छान आहे हं."

"कसा वाटला?"

"छान म्हटलं ना."

"काही बदलू का?"

"कशाला? किती छान झालाय. स्वतः केलास?"

मी लिहून घेतलं, "वापरकर्त्याच्या मते नमुना छान आहे." मिलीमीटरांनी "छान" या शब्दाभोवती गोल काढला. म्हणाले, "हे काय आहे?"

"त्यांचं मत, सर."

"हे मत नाही, हा पाहुणचार आहे. पाहुण्याने आणलेल्या मिठाईला छान म्हणतात. पुन्हा विचार."

पुन्हा विचारलं. पुन्हा छान. मी रंग बदलला, छान. स्प्रिंग मुद्दाम सैल केली, इतकी की पातं उघडेना, तरी छान. मला हसू आलं आणि रागही आला. आता तो नमुना टेबलावर असतो. मापांचे कागदी साचे उडू नयेत म्हणून आई तो त्यांच्यावर ठेवते. त्या कामाला तो खरंच छान आहे.

तुला एक सांगू? तू घरात होतीस तेव्हा मला तुझा राग यायचा. कोणी नवा ड्रेस घालून आलं की तू म्हणायचीस, खांद्याला उतरलाय. मी चित्र काढलं की म्हणायचीस, घोडा आहे की बाक? आता वाटतं, तपासणीला तू हवी होतीस.

अक्षर वाकडं आलं असेल तर वाचून घे. अंगठ्याच्या मुळाशी फोड आली आहे, पेन नीट धरता येत नाही. कार्यशाळेत कानस फार चालवली, त्याने.

धाकटी


२४ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र आलं. या वेळी दोन वाक्यं. प्रगती आहे.

"ठसा सकाळी घेतलास की रात्री? आणि कानशीने अंगठ्याच्या मुळाशी फोड येत नाही, ती कात्रीने येते."

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. हो. कापड मी कापते. तू गेल्यावर थोडे दिवस आईने एकटीने रेटलं. मग एके सकाळी उठले तर टेबलावर कापड पसरलेलं, खडूने आखलेलं, वर कात्री. ती काही बोलली नाही. मीही नाही. मी दात घासून आले आणि कापायला लागले. तेव्हापासून रोज तसंच. ती आखते, मी कापते, मग शाळेत पळते. शाळेत उशीर झाला की बस चुकली असं सांगते. तू हेच करत होतीस ना? तू कधी बोलली नाहीस. मला वाटायचं, तुला कापायला आवडतं.

तुला आधी लिहिलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, बघ, मी सांगत नव्हते?

आता पहिल्याचं. ठसा रात्री घेतला. मग तुझं वाक्य वाचलं. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर उठले आणि दिवा न लावता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आई ओट्यापाशी पाठमोरी होती. गरम पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात. मला वाटायचं, ती सकाळी भांडी भिजत घालते. इतकी वर्षं मला तेच वाटत आलं. हात बाहेर काढले तेव्हा बोटं आत वळलेली होती, हातात काहीतरी लपवल्यासारखी. आई ती एकेक करून दुसऱ्या हाताने उघडत होती.

मूठ रात्रीच्या हाताची झाली आहे. कापड सकाळी कापलं जातं. चार खाचा, अंगठ्याचा खड्डा, इतकं जीव लावून घासलेलं, त्यात तिची बोटं सकाळी शिरतच नाहीत. आणि ती छान म्हणत होती.

मी सरळ म्हणाले, "आई, उद्या सकाळी उठल्या उठल्या ठसा घेऊ या. पाण्यात हात घालायच्या आधी."

ती म्हणाली, "सकाळी मला वेळ नसतो."

"दोन मिनिटं."

"तूही थोरलीसारखी बोलायला लागलीस."

तुमचं ते शेवटचं भांडण मी दाराआडून ऐकलं होतं. तू इतकंच म्हणाली होतीस, की तुझा हात आता पूर्वीसारखा नाही, ते गिऱ्हाइकांना नको, निदान आम्हाला तरी सांग, मी किती दिवस तुझा हात होऊ? आणि तिने सांगितलं, माझा हात धडधाकट आहे, तुझी गरज नाही. मग तू बॅग भरलीस. तेव्हा मला वाटलं होतं, इतक्याशा गोष्टीवरून कोणी घर सोडतं का. आता रोज सकाळी कापताना वाटतं, इतकीशी गोष्ट नव्हती ती.

अजून एक आहे, तेही सांगूनच टाकते. मी पुढच्या वर्षासाठी डिझाइनच्या संस्थेत अर्ज केला आहे. ती इथून लांब आहे, घरून जाऊन येऊन जमणार नाही. मुलाखत मार्चमध्ये. आईला सांगितलं तर म्हणाली, "जा की. नको कोण म्हणतंय?" दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर नेहमीसारखं कापड आखून ठेवलेलं होतं. नेहमीपेक्षा जास्तच.

मी करते आहे ती कात्री नाही ताई. मी माझ्या जागी कोणीतरी बसवते आहे. ते आईलाही कळतं. म्हणून ती छान म्हणते आणि बाजूला ठेवते.

धाकटी


१९ जानेवारी

ताई,

तुझ्या पत्रात या खेपेला फक्त "मग?" एवढंच होतं. मग काय झालं ते सांगते.

डिसेंबरभर काही झालं नाही. मिलीमीटरांनी माझं वापरकर्त्याचं पान परत केलं आणि म्हणाले, हे कोरं राहिलं तर फोल्डर मी पुढे पाठवणार नाही. मग म्हणाले, "त्यांना इथे घेऊन ये. सकाळचा तास आहे आपला."

मला वाटलं, आई येणारच नाही. ती आली. नेव्ही ब्लू कोट घातला, तो तिने स्वतःसाठी शिवलेला, कोणाच्या लग्नाला जावं तसा. हात कोटाच्या खिशात. बसमध्येसुद्धा दांडी धरली नाही, मला धरून उभी राहिली.

कार्यशाळेत करवतीचा भुसा, गोंदाचा वास, स्क्रू आपलं पाचवं स्टँड घेऊन बसलेला. मिलीमीटरांनी आईला स्टूल दिलं, समोर माझा नमुना ठेवला, जाड कापडाचा तुकडा ठेवला.

आईने खिशातून हात काढला. बोटं नीट उघडत नव्हती म्हणून मूठ वरच्या वर पकडली, कापडाचं टोक कापलं, खाली ठेवलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पोरीने खूप मेहनत घेतली आहे."

"ते दिसतंच आहे," मिलीमीटर म्हणाले. "बाई, एक विचारू? तुमच्याकडे गिऱ्हाईक कोटाच्या ट्रायलला येतं. आरशासमोर उभं राहतं आणि म्हणतं, छान आहे. मग तुम्ही काय करता? पैसे घेता?"

"छे."

"मग?"

"हात वर करायला सांगते," आई म्हणाली. "आरशासमोर माणूस छानच म्हणतं. नवा कपडा असतो, आपण समोर उभ्या असतो, वाईट कसं म्हणणार? हात वर केला की बाहीच्या मुंढ्यात कुठे ओढतंय ते कळतं. मग खाली बसायला सांगते. वाकायला सांगते. त्याच्या तोंडाकडे बघायचंच नाही. कापडाकडे बघायचं."

ती हे अगदी सहज बोलली, जसं घरी कोणाला समजावताना बोलते. स्क्रूने सँडपेपर घासायचा थांबवला.

मी आईच्या तोंडाकडे बघितलं नाही. तिच्या हाताकडे बघत राहिले.

तिने नमुना बाजूला सारला. उजवा हात टेबलावर ठेवला, तळवा वर करून, आणि उघडायला लागली. बोटं थोडी सरकली आणि थांबली. करंगळी तर हललीच नाही.

"एवढाच होतो," ती म्हणाली. "उन्हं वर आली की मग होतो. उघडताना त्रास आहे. मिटायला नाही."

ताई, तुझाच शब्द.

"आणि ही मूठ?" मिलीमीटरांनी विचारलं.

"मूठ सुंदर आहे. पण माझी नाही. हिला धरायला आधी हात उघडावा लागतो. तिथेच तर सगळं अडलंय."

मी माती शोधायला लागले. मिलीमीटरांनी कपाटातून गोळा काढून दिला. आईने तशीच अर्धी मिटलेली मूठ त्यावर ठेवली आणि वजन टाकलं. खाचा नाहीत, खड्डा नाही. एक पसरट खोलगट खूण, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीखाली पडावी तशी.

"आता धुवायला गरम पाणी आहे का हो इथे?" तिने विचारलं. स्क्रू धावत जाऊन चहाची किटली घेऊन आला.

परत येताना बसमध्ये ती म्हणाली, "तुमचे सर बरे आहेत. खडूस आहेत, पण बरे आहेत." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हे थोरलीने लिहून कळवलं होतं ना? उघडताना."

मी हो म्हणाले.

"मशीन थांबवलं तरी मला काही ऐकू येत नाही हल्ली," ती म्हणाली. "तू लिहितेस वाटतं."

धाकटी


२ मार्च

ताई,

आई छान म्हणायची बंद झाली आहे. आता मला त्याचा ताप झालाय.

नव्या नमुन्याला मूठच नाही. वर लाकडाची गुळगुळीत पाठ आहे. त्यावर हात ठेवायचा, उघडायची गरज नाही, वजन टाकायचं. मी सकाळी देते, संध्याकाळपर्यंत ऐकते. "तुझं हे बूड कापडाला ओढतं." बूड बारीक केलं. "आता डगमगतं." खाली पोलादाची पट्टी लावली. "आवाज काय हा, दळण दळतेस का?" पट्टी पॉलिश केली. "स्प्रिंग कोणी घातली, पैलवानाने?" स्प्रिंग बदलली. काल मी म्हणाले, "आई, काहीतरी चांगलं पण सांग ना." ती म्हणाली, "चांगलं आहे ते सांगून काय उपयोग? ते तर चांगलंच आहे."

तुझी आई आहे, शंका नाही.

मिलीमीटर पानं वाचतात आणि मान हलवतात. माझं वापरकर्त्याचं पान कोरं होतं, आता पुरवण्या जोडाव्या लागताहेत. स्क्रूला आईने सांगितलं होतं म्हणे, की तुझ्या स्टँडला ट्रायल दे. त्याने मोबाइल ठेवून टेबलाला धक्का दिला. सहावं चालू आहे.

सकाळी टेबलावर कापड आखलेलं असतं. मी दात घासून येते तेव्हा सरळ रेघा कापून झालेल्या असतात. पाठीचे तुकडे, खिशांच्या पट्ट्या. पहिल्या दिवशी कापडावर नेहमीची कात्री दिसली नाही, तेव्हा मला वाटलं, कुठेतरी पडली असेल. मग आईच्या हाताखाली माझा नमुना दिसला. तिने वर बघितलं नाही. "शाळेत जा," म्हणाली. "आज बस चुकवू नकोस."

शाळेत लवकर पोचायची सवय गेली आहे. फाटकापाशी बसून राहिले.

गोल मात्र मीच कापते अजून. ते पुढच्या पत्रात.

धाकटी


१४ एप्रिल

ताई,

फोल्डर दिलं. कात्री परीक्षकांच्या टेबलावर आहे, पाठीला आईच्या हाताचं तेल लागून एका जागी गडद झाली आहे. मिलीमीटर म्हणाले, ते पुसू नकोस. घरी तशीच दुसरी करून ठेवली आहे, आईचं काम थांबायला नको.

मुलाखत झाली. त्यांनी विचारलं, तुझी वस्तू कुठे कमी पडते? मी म्हणाले, मुंढ्याला. त्यांना मुंढा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. बाही जिथे खांद्याला जोडतात तो गोल, असं सांगून मी त्यांच्यातल्या एकाच्या शर्टावर दाखवला. निकाल यायचा आहे.

आईने शेवटचा अभिप्राय स्वतःच्या शब्दांत द्यायचा होता. तिला लिहायला अवघड जातं, म्हणून ती बोलली आणि मी लिहून घेतलं. जसाच्या तसा तुला उतरवून पाठवते.

"सरळ कापायला मला आता कोणी लागत नाही. सकाळीसुद्धा. हात उघडावा लागत नाही म्हणून दुखत नाही. जाड कापडाचे दोन थर जातात, तिसरा जात नाही. बूड लांब असल्यामुळे गळ्याला आणि मुंढ्याला वळत नाही, कापडाची कड दातेरी होते. धाकटी गोल कापताना कापड फिरवते, त्याने आकार बिघडतो, पण तिला तसं बोलले नव्हते. माझी मोठी मुलगी मुंढा एका दमात कापायची, न थांबता. कापड हलायचं नाही. ती काय करायची ते मी कधी नीट बघितलं नाही, कारण मी तेव्हा हातांकडे बघत नव्हते. ते तिला विचारावं."

मी मान वर केली नाही. शेवटचं वाक्य लिहिलं आणि विचारलं, "हे पण ठेवू?"

"माझेच शब्द हवेत ना तुमच्या सरांना?"

"हो."

"मग ठेव."

तर विचारते. मुंढ्याला तू काय करायचीस? मला पुसट आठवतं, तू एका जागी उभी नसायचीस. कापड तसंच, आणि तू टेबलाभोवती जायचीस. पण पाय कधी उचलायचीस, कात्री किती तिरकी धरायचीस, ते आठवत नाही. बूड त्याप्रमाणे छोटं करता येईल. लिहून कळव. लिहून कळण्यासारखं नसेल तर तेही लिही.

आज शाळेतून आले तर कापायचं टेबल खोलीच्या मधोमध होतं. आई एका कडेला टेकून दम खात होती.

"एकटीने ओढलंस?"

"झाडायचं होतं मागे."

झाडू कोपऱ्यात होता, जागचा हललेलासुद्धा नव्हता. मी पिशवी ठेवली आणि टेबलाचं एक टोक धरलं.

"झालं असेल तर लावू परत भिंतीला?"

"राहू दे," आई म्हणाली.

आता चारही बाजूंनी फिरता येतं.

धाकटी